बिनचौकटीचे कपाट

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटाचे दार सौ.च्या हातात आले. म्हणजे बिजागरीसकट निघून आले. ते दोन्ही हातांनी ढालीसारखे धरून ती बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. बायको काही न बोलता समोर उभी राहिली की वर्तमानपत्र खाली ठेवावे, एवढे तरी चाळीस वर्षांच्या संसारात मला कळलेले आहे.

“हे आता मी लावून घेणार नाही,” ती म्हणाली, “आणि तुम्हीही आगकाडी खुपसायची नाही.”

ही आगकाडीची विद्या माझ्या वडिलांची. बिजागरीचा स्क्रू सैल झाला की त्याच्या भोकात सरस लावून आगकाडीचे दोन तुकडे ठोकायचे आणि स्क्रू पुन्हा पिळायचा. लाकूड अस्सल सागवान असले तर पुढली दहा वर्षे चिंता नाही. पण हे दार सागवानी नव्हते. मूळचे दार कुजले तेव्हा स्वस्तात मिळाले म्हणून मीच तिथे भुशाच्या फळीचे दार बसवले होते. लाकडाचा भुसा नि चुरा चिकट रसायनात कालवून, दाबून केलेली ही फळी कोरड्या जागी बरी असते. पाणी लागले की ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगते. एकदा फुगली की तिच्यात स्क्रू काय नि आगकाडी काय, कशालाच पकड राहत नाही. आमच्या सिंकची नळी गेली दोन वर्षे गुपचूप ठिबकत होती, हे त्या दिवशी उघडकीस आले.

दार गेले. दाराबरोबर सगळे स्वयंपाकघरच नवे करायचे असे त्या दिवशी जेवणापूर्वी ठरले. ठरले म्हणजे मला सांगण्यात आले.

आमचे घर ठाण्याला, नौपाड्यात. गिरगावातली चाळ सोडून वडिलांनी १९७८ साली ही जागा घेतली. स्वयंपाकघर आठ बाय दहा. काळ्या कडप्प्याचा ओटा, त्याच्याखाली कडप्प्याच्याच उभ्या लाद्या, आणि त्या लाद्यांच्या तोंडाशी सागवानी चौकट बसवून तिला दारे. त्या काळी बांधलेल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत हीच तऱ्हा होती. वाचकांपैकी अनेकांच्या घरी ती अजूनही असेल. समोरच्या भिंतीला मात्र जे उभे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही. ते आमचे फडताळ.

हे फडताळ वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेले. ते रेल्वेत कारकून होते. पण त्यांचा जीव फायलींत नव्हता, रंध्यात होता. गिरगावातले एक जुने घर पाडले तेव्हा त्याच्या वाशांचे तुकडे त्यांनी घासाघीस करून विकत घेतले आणि १९६३ सालच्या दिवाळीनंतर दर रविवारी चाळीच्या गॅलरीत बसून ते काम करू लागले. मी सात वर्षांचा होतो. करवतीचे दुसरे टोक धरणे आणि सांडलेले खिळे वेचणे ही माझी कामे. खिळे फक्त पाठीच्या फळ्यांना लागले. पुढची सगळी चौकट त्यांनी एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवून, बिनखिळ्याची जुळवली. शेजारचे लोक येताजाता विचारत, “काय साहेब, ताजमहाल कुठवर आला?” दीड वर्षाने तो पूर्ण झाला. आज साठ वर्षांनंतरही त्याच्या चौकटीचा एक सांधा हललेला नाही. माझ्या मते आमच्या घराण्याने केलेली एवढी एकच गोष्ट अशी टिकाऊ आहे.

तेव्हा नवे स्वयंपाकघर करायचे असेल तर करा, पण कपाटे चौकटीचीच होतील, असे मी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकले. सौ. काही बोलली नाही. तिने पुण्याला फोन लावला.

चिरंजीव पुढच्या रविवारी आले आणि आम्हांला घोडबंदर रस्त्यावरच्या एका दालनात घेऊन गेले. स्वयंपाकघरांचेही दालन असते हे मला माहीत नव्हते. तिथे एकाशेजारी एक अशी बारा स्वयंपाकघरे मांडलेली होती आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी फोडणीचा वास नव्हता. एका तरुण मुलीने आम्हांला पाणी दिले आणि विचारले, “सर, तुमच्याकडे इंडियन कुकिंग असतं का?” मी म्हणालो, “हो, बहुतेक दिवशी.” तिने ते लिहून घेतले.

मग तिने एक दार उघडून दाखवले. मी सवयीने आत चौकट शोधू लागलो, तर चौकटच नव्हती! दार थेट खोक्याच्या बाजूच्या फळीलाच आतून धरलेले होते. शेजारी दुसरे दार, त्याच्याशेजारी तिसरे. दोघांमध्ये फट इतकी बारीक की पोस्टकार्ड जेमतेम जावे. कड्या नाहीत, मुठी नाहीत. सगळी भिंत एका गुळगुळीत पांढऱ्या पाटीसारखी. “हे फ्रेमलेस आहे सर,” ती म्हणाली.

माझ्या पिढीच्या माणसाला बिनचौकटीचे म्हटले की जरा धास्तीच वाटते. आम्ही जन्मभर चौकटीत राहिलो.

पण घरी आल्यावर मी या विषयात थोडे लक्ष घातले, आणि ते लक्ष घालणे मला आवडू लागले हे कबूल केले पाहिजे. कपाट बांधायच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिलीत खोक्याच्या तोंडावर भरीव लाकडाची चौकट बसवतात आणि दार तिला टांगतात. खोक्याची ताकद त्या चौकटीत असते, त्यामुळे बाजूच्या फळ्या जरा बारीक असल्या तरी चालून जाते. अमेरिकेत आजही ही तऱ्हा खूप चालते. दुसरी युरोपातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पडलेली शहरे पुन्हा उभी करायची होती, घरे लाखांनी हवी होती, लाकडाची टंचाई होती. तेव्हा चौकट गाळून टाकली. दाबलेल्या फळ्या यंत्रावर कापायच्या, पुढच्या काठापासून ३७ मिलिमीटर आत, दर ३२ मिलिमीटरला एक अशी भोकांची रांग पाडायची, आणि त्याच रांगेत फळीचे आधार, बिजागऱ्या नि ड्रॉवरच्या पट्ट्या बसवायच्या. सगळ्या देशभर एकच माप. बिजागरीही निराळी; दाराच्या पाठीत ३५ मिलिमीटरची वाटी कोरून तिच्यात बसणारी, स्क्रू फिरवला की दार वरखाली, डावीउजवीकडे, पुढेमागे सरकवता येईल अशी. आमच्या वडिलांनी दीड वर्ष जे काम केले ते त्या यंत्रांनी पाऊण तासात उरकले असते. हा विचार मी वडिलांच्या फोटोकडे पाठ करून केला.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती लागली. या बांधीव स्वयंपाकघरांची पणजी जर्मनीतली. १९२६ साली फ्रांकफुर्ट शहरात कामगारांसाठी नवी घरे बांधली जात होती. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्युट-लिहोट्स्की नावाच्या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब, आमच्यापेक्षाही लहान! आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातले स्वयंपाकघर पाहून, बाईची पावले मोजून, त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. तांदूळ, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे लहान लहान खण, त्यांवर जिनसांची नावे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. गंमत म्हणजे तोवर आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, घर चालवले नव्हते, असे त्या बाईंनीच पुढे सांगितले होते.

ही गंमत मी सौ.ला सांगितली. ती कणीक मळत होती.

“म्हणूनच एकटीपुरतं आखलं,” ती म्हणाली. “सासू उभी कुठे राहणार ते बघितलंच नाही.”

मला हा शेरा तेव्हा केवळ विनोदी वाटला.

दालनाचा अंदाज तीन लाख चाळीस हजारांचा आला. तो आल्यावर चिरंजीवांचाही उत्साह किंचित ओसरला आणि आम्ही मिस्त्रींना बोलावले. हे मिस्त्री मूळचे राजस्थानातले, बावीस वर्षे ठाण्यात काम करतात, आणि त्यांचे मराठी माझ्या नातवापेक्षा चांगले आहे. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले, भिंतीला ओळंबा लावला, गुण्या लावला आणि कोपऱ्यात बसून बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर उठून फडताळाजवळ गेले आणि चौकटीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

“हे कोणी केलं साहेब?”

“वडिलांनी.”

“ते मिस्त्री होते?”

“कारकून होते.”

त्यांनी मान हलवली. इतका मान वडिलांना रेल्वेने कधी दिला नव्हता.

मला वाटले, आता कौल आपल्या बाजूने. मी विचारले, “काय म्हणता? चौकट की बिनचौकट?”

“साहेब, फ्रेममध्ये मजबुती आहे, बॉक्समध्ये जागा आहे,” ते म्हणाले. “जुन्या घरात फ्रेम बरी पडते. भिंत वाकडी असली तर चौकट भिंतीप्रमाणे तासून घेता येते. ही तुमची भिंत वरपासून खालपर्यंत पाऊण इंच बाहेर आहे. बॉक्स असला तर तो गुण्यातच पाहिजे. जरा तिरका झाला की दारांच्या फटी लगेच दिसतात, लपवायला चौकट नाही. आणि प्लाय चांगला लागतो. सगळा भार बाजूच्या फळीवर. अठरा मिलिमीटर, ७१० चा शिक्का असलेला, पाण्याला टिकणारा. पाठीची फळीपण पक्की. भुसा-बिसा नाही.”

भुसा-बिसा म्हणताना त्यांनी सिंकखालच्या भगदाडाकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

हा निकाल दोन्हीकडे वळवता येण्यासारखा होता, म्हणून आम्ही दोघांनीही तो आपापल्याकडे वळवला. तीन दिवस आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. माझी बाजू अशी: चौकट मजबूत असते, स्क्रू पुन्हा धरतो, दुरुस्ती घरच्या घरी होते, भिंत वाकडी असली तरी बिघडत नाही. सौ.ची बाजू तिने मला बोलून दाखवली नाही, करून दाखवली. तिने मला ओट्याखालच्या मोठ्या खणापुढे उकिडवे बसायला लावले.

“आता मागचा प्रेशर कुकर काढा.”

खण छत्तीस इंच रुंद. पण दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाची चौकट, मध्ये दोन इंचांचा उभा खांब; म्हणजे दोन दारांमागची दोन तोंडे साडेपंधरा-साडेपंधरा इंचांची. आत आडवी फळी. मी हात घातला. चौकटीमागे जी आंधळी जागा राहते तिच्यात काहीतरी अडकलेले हाताला लागले. काढून पाहिले तर आम्ही २००४ साली हरवली म्हणून सोडून दिलेली वेलदोड्यांची डबी. कुकरपर्यंत माझा हात पोचलाच नाही. त्याच्यापुढचे चार डबे, कढई आणि इडलीपात्र काढून बाहेर ठेवावे लागले. नंतर मी उठू लागलो, तेव्हा ओट्याला धरून उठावे लागले.

“हे दिवसातून किती वेळा?” मी विचारले.

“मोजलं नाही,” ती म्हणाली. तिच्या गुडघ्यांवर दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी जिने चढायलाही बंदी केलेली आहे.

कुठलाही समंजस माणूस इथे हरला असता. पण माझ्या हातात एक हुकमाचे पान होते, आणि ते मी राखून ठेवले होते. ते म्हणजे आई.

आई यंदा नव्वदीत आली. काचबिंदूने तिची नजर हळूहळू गेली. आता उजेड आणि सावली एवढेच तिला कळते. तरी पहाटे पाच वाजता उठून स्वतःचा चहा ती स्वतः करते. तो दुसऱ्या कुणी केलेला तिला चालत नाही. तिचा हात चौकटीवरून चालतो. ओट्याच्या कडेपासून पहिला खांब, दुसरा खांब; दुसऱ्या खांबाच्या उजवीकडे चहा-साखर. फडताळाची वरची कडी म्हणजे पोह्यांचा डबा, मधल्या खांबाच्या डावीकडे तूप. मी कितीतरी वेळा दारात उभा राहून पाहिले आहे. तिची बोटे लाकडावरून अशी सरकत जातात की आपण डोळे मिटून पोथीतले पाठ म्हणावे. त्या गुळगुळीत पांढऱ्या पाटीपुढे ती काय करणार? कुठले दार कुठले, हे तिला कसे कळणार? पहाटेचा चहा गेला तर तिच्या दिवसात तिचे स्वतःचे असे काय राहिले?

हे सगळे मी त्या बुधवारी रात्री जेवताना बोललो. बोलताना माझा गळाही थोडा दाटून आला. सौ. गप्प झाली. तिला सासूविषयी वाटत नाही असे नाही. चाळीस वर्षांत तिने तिच्या चहाची वेळ कधी चुकू दिली नाही आणि तिच्या डब्यांची जागा कधी हलवली नाही. तिने ताट उचलले आणि म्हणाली, “मग राहू दे. चौकटच करा.”

मी जिंकलो होतो. आमटी मात्र त्यानंतर गार लागली.

आई आतल्या खोलीत पलंगावर माळ ओढत बसलेली होती. तिचे कान तिच्या डोळ्यांची भरपाई करतात. तिने हाक मारली, “अरे, इकडे ये. आणि तिलाही बोलाव.”

आम्ही दोघे गेलो.

“माझ्या चहाचं निमित्त कशाला करतोस?” आई म्हणाली.

“निमित्त नाही आई, तुझ्याच सोयीसाठी—”

“माझ्या सोयीचं मला विचारलंस? या पलंगाखाली हात घाल.”

मी वाकलो. पलंगाखाली, भिंतीला टेकून, जुन्या साडीत गुंडाळलेली पितळेची मोठी परात होती. ती तिथे असते हे मला माहीत होते. पुरणपोळ्यांच्या दिवशी ती निघते आणि घासून पुन्हा तिथेच जाते. ती तिथे का असते, हे मात्र मला कधी विचारावेसे वाटले नव्हते.

“माझ्या माहेरची आहे. बावीस इंची,” आई म्हणाली. “फडताळ झालं त्या दिवशी ह्यांनी मला म्हटलं, ठेव आता तुझी परात. मी ठेवायला गेले. आडवी जाईना, उभी जाईना. तिरकी घालावी तर मधली फळी आडवी येई. मधे तो खांब ना! मी म्हटलं, राहू दे, संध्याकाळी ठेवते. तेव्हापासून ती पलंगाखाली आहे.”

“पण मग बाबांना सांगायचं नाही का? तो खांब काढता आला असता.”

“कसा काढणार? वासे तुटके मिळाले होते. लांब लाकूडच नव्हतं, म्हणून तर मधे खांब घालून दोन तुकडे जोडले. चाळीतले लोक येऊन बघून जात होते, ह्यांची छाती अशी फुगलेली. त्यात मी परातीचं काढू? पुढे इथे आलो, तर ओट्याखालीही तीच चौकट, तोच खांब. म्हटलं, असू दे बाई.”

मी काही वेळ तसाच वाकून राहिलो. ज्या चौकटीला मी साठ वर्षे वडिलांची कला म्हणत होतो ती लाकडाच्या टंचाईतून झालेली होती. आणि जर्मन लोकांनी चौकट गाळली तीही टंचाईमुळेच. सौ.कडे मी पाहिले नाही. परातीचे एक मी ऐकले. तिच्या चाळीस वर्षांत असे काय काय कुठल्या पलंगाखाली आहे, ते विचारण्याची माझी तयारी नव्हती.

“मला मोजायला काहीतरी लागतं एवढंच,” आई पुढे म्हणाली. “ते खांबच पाहिजेत असं कुठंय? माझ्या चहाच्या दाराला एक कडी लावा, तुपाच्या दाराला दुसरी काहीतरी. आणि हिला विचारा हिला काय पाहिजे ते. आता स्वयंपाक मी करते का ही करते?”

मिस्त्रींना दुसऱ्या दिवशी निरोप गेला. एक लाख पंच्याऐंशी हजारांत बिनचौकटीचे काम ठरले: ओट्याखाली अठरा मिलिमीटरची खोकी, तीन खोल ड्रॉवर, वर भिंतीला दोन कपाटे. ड्रॉवर कुठले किती उंच, मिठाची बरणी कुठे, कुकर कुठे, हे सगळे सौ.ने जमिनीवर खडूने आखून दिले. आखताना ती कुणाला काही विचारत नव्हती. एखाद्या माणसाने अनेक वर्षे मनात घर बांधून ठेवावे तसे तिचे सगळे तयारच होते. चिरंजीवांनी पुण्याहून दोन सूचना पाठवल्या. त्या नामंजूर झाल्या.

काम एकोणीस दिवस चालले. त्या दिवसांचे वर्णन करीत नाही. ज्यांनी घरात सुतार घातला आहे त्यांना ते नको असेल आणि ज्यांनी घातला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. शेगडी गॅलरीत, डबे माझ्या पलंगावर, भुसा सगळीकडे. कडप्प्याच्या उभ्या लाद्या काढताना एक मोडली आणि दीड दिवस गवंडी शोधण्यात गेला. पाऊण इंच वाकडी भिंत सरळ करता येईना, तेव्हा मिस्त्रींनी शेवटच्या खोक्याच्या आणि भिंतीच्या मध्ये एक अरुंद पट्टी भिंतीच्या वाकाप्रमाणे तासून बसवली. मी आनंदाने म्हटले, “म्हणजे चौकट आलीच की!” ते म्हणाले, “एवढी चालते साहेब.”

दारे लावताना कड्यांचा प्रश्न आला. बाजारात पाहिलेल्या सगळ्या मुठी एकसारख्या. हाताला फरक लागेना. शेवटी मिस्त्रींनीच फडताळाच्या दारांच्या जुन्या पितळी कड्या उतरवल्या. एक गोल, ती चहाच्या दाराला. दुसरी १९७८ साली जागा बदलताना तुटून नवी लावलेली, लांबट. ती तुपाच्या दाराला. पांढऱ्या गुळगुळीत दारांवर त्या दोन काळपट कड्या अगदीच विजोड दिसतात. पाहुणे आले की विचारतात. फडताळ आता गॅलरीत आहे. त्यात माझी पुस्तके आहेत, आणि दारांना कड्या नसल्याने ती मी सुतळीने ओढतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सगळे लावून झाले. आईला सौ.ने हाताला धरून फिरवले, हात एकेका दारावर ठेवून सांगितले. आई “हं, हं” म्हणत गेली. तिला किती कळले ते आम्हांला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी जागा होतो. शेजारी सौ.ही जागी होती. दोघेही झोपेचे सोंग घेऊन कान देऊन पडलो होतो. आईची काठी वाजली. दिव्याचे बटण वाजले. ते ती आमच्यासाठी लावते, तिला काय त्याचे. नंतर हात दारांवरून फिरल्याची बारीक खसखस. मग कडी वाजली. सौ.ने सुस्कारा सोडला. त्यानंतर मात्र काहीच ऐकू येईना. पूर्वी दार कुरकुरे, मिटताना खट्ट वाजे, आणि त्या आवाजांवरून चहा कुठवर आला ते मला अंथरुणात कळे. या नव्या बिजागऱ्या दार शेवटच्या दोन बोटांवर आपोआप धरून हळू मिटवतात. आवाज होतच नाही. एक मिनिट गेले, दोन गेली. मी उठलो.

आई ओट्यापाशी उभी होती. चहाचे आधण ठेवलेलेच नव्हते. तिने वरचा ड्रॉवर ओढला, सोडला, आणि तो आपल्या आपण आत जाईपर्यंत त्याच्यावर तळहात ठेवून राहिली. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला.

“आपोआप मिटतो रे,” ती म्हणाली.

“हो. काय शोधतेस?”

“शोधत नाही काही. बघते आहे.” तिने आणखी एकदा तो सोडला. “उठलाच आहेस तर परात कुठं ठेवलीय ते दाखव.”

मी सर्वांत खालचा मोठा ड्रॉवर पुरता बाहेर ओढला. ती एका हाताने ओट्याला धरून, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून हळूहळू वाकली आणि खांद्यावरचा हात आत घातला. परातीच्या काठावर तिच्या माहेरचे नाव टोचून घातलेले आहे. त्या अक्षरांवरून तिचे बोट एकदा इकडून तिकडे गेले.

“आडवी मावली?”

“आडवी मावली. वर दोन ताटं ठेवूनही जागा आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि सरळ झाली. “आता आधण ठेव. तुझ्यामुळे माझा चहा राहिला.”